पसरणीच्या घाटातील एक दुपार

पुण्याहून महाबळेश्वरास जाणारा रस्ता वाचकांपैकी बहुतेकांच्या पायाखालचा असेल. कात्रजचा बोगदा, नीरेवरील पूल, शिरवळ, खंबाटकीचा घाट, सुरूरचा फाटा, वाई, आणि मग पसरणीचा घाट चढून पाचगणी, ही नावे आमच्या घरातील मुलांना परवच्यासारखी पाठ आहेत. अशा मळलेल्या वाटेचे वर्णन पुन्हा कशाला, असे कोणी विचारील. त्यास माझे उत्तर इतकेच की, ज्या रस्त्याने आपण पन्नास वेळा निर्विघ्न गेलो, त्याचे खरे दर्शन एकावन्नाव्या वेळी गाडी बंद पडली म्हणजे घडते. गाडी चालू असता घाट हा मागे टाकावयाचा असतो; ती थांबली म्हणजे त्याच घाटात बसावयाचे असते, आणि बसल्यावाचून कोणतीही जागा माणसाला आपली ओळख देत नाही.

आमची गाडी म्हणजे १९५४ सालची मॉरिस मायनर. चार सिलिंडरांचे, ८०३ घन सेंटिमीटरांचे, तीस अश्वशक्तीचे तिचे एंजिन. हल्लीच्या मोटारींच्या मानाने ही शक्ती हास्यास्पद वाटेल. पण आमचे चुलते तात्या यांनी १९६२ साली ही गाडी एका निवृत्त डॉक्टरांकडून विकत घेतली, तेव्हापासून घरातील प्रत्येक नवी सून तिच्यातूनच उंबरठ्यापर्यंत आली आणि दर वर्षी माघात काकूंना तिच्यातूनच क्षेत्र महाबळेश्वरी कृष्णेच्या उगमाचे दर्शन घडले. २०२० साली तात्या गेले. त्यानंतर दोन वर्षे गाडी अंगणातील छपराखाली उभी होती. मी आठवड्यातून एकदा ती सुरू करून पेठेत एक फेरी मारीत असे, आणि तेवढ्यावर तिची निगा राखली जाते अशी माझी समजूत होती.

दादांचे मत निराळे होते. जागा अडते, विम्याचे पैसे जातात, आणि चित्रपटांना जुन्या गाड्या पुरविणारे एक गृहस्थ बरी किंमत देऊ करीत आहेत, तेव्हा भावनेच्या भरीस न पडता ती देऊन टाकावी, असे त्यांनी दिवाळीत सर्वांसमक्ष सांगितले. त्यांचे बोलणे अयोग्य होते असे मलाही म्हणता येईना. काकू तेवढ्या म्हणाल्या, “विकायची तर विका. पण त्याआधी एकदा मला तिच्यातूनच उगमावर न्या.” काकूंचे वय तेव्हा ब्याऐंशी. त्यांचा शब्द खाली पडणे शक्य नव्हते. २०२३ च्या जानेवारीत जाण्याचे ठरले, आणि गाडीने नीट साथ दिली तर पुढचा विचार, नाही तर परत आल्यावर व्यवहार, असा दादांनी निकाल दिला. ते व वहिनी नव्या गाडीतून पुढे जाऊन पाचगणीस थांबणार होते. जुन्या गाडीत काकू, दादांची धाकटी मुलगी आणि सारथ्यास मी.

सकाळच्या गारव्यात गाडी छान चालली. शिरवळच्या पुढे सपाटीवर ताशी पासष्ट किलोमीटरांचा वेग तिने कुरकुर न करता धरला. खंबाटकीच्या घाटात मात्र काही तरी उणे आहे असे जाणवू लागले. ज्या चढावर तात्या तिसरा गिअर टाकून गप्पा मारीत जात, तेथे मला दुसऱ्यावर यावे लागले. पाय दाबावा तर आवाज वाढे, जोर वाढत नसे. घाटमाथ्यावर एंजिनाच्या झाकणातून तापलेल्या लोखंडाचा वास आला. उताराला लागताच सर्व पूर्ववत झाले, आणि संकट टळले की त्याचे कारण शोधण्याचे टाळावे या मनुष्यस्वभावास अनुसरून मीही तो विचार सोडून दिला.

वाईत आम्ही तासभर थांबलो. कृष्णेच्या घाटावरील ढोल्या गणपतीचे मंदिर १७६२ साली रास्त्यांनी बांधले. ती प्रचंड मूर्ती पाहिली की लहानांना भय आणि थोरांना धीर वाटतो. नदीच्या पायऱ्यांवर बसून काकूंनी पायांवर पाणी घेतले. याच गावी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे संपादन केले. ज्ञानाचा असा शेजार असता मलाही आपले ज्ञान पाजळण्याची बुद्धी झाली, आणि मी गाडीचे झाकण उघडले.

माझे ज्ञान पुस्तकी होते, पण खोटे नव्हते. पेट्रोल जळावयास हवा लागते. वजनाने सुमारे पंधरा भाग हवेस एक भाग पेट्रोल हे प्रमाण साधारणतः मानवते. ते प्रमाण राखणारे यंत्र म्हणजे कार्ब्युरेटर, ज्यास आमच्याकडील मिस्त्री ‘काबुरेटर’ म्हणतात. आपण जसजसे उंच जातो तसतशी हवा विरळ होते. पण कार्ब्युरेटर हवेचे आकारमान पाहतो, तिचे वजन त्यास कळत नाही. म्हणून चढणीला तोच कार्ब्युरेटर हवेच्या मानाने अधिक पेट्रोल देऊ लागतो, मिश्रण दाट होते, एंजिन जड होऊन काळा धूर टाकते. खंबाटकीत जोर कमी पडला, पुढे पाचगणी त्याहून पुष्कळ उंच. तेव्हा मिश्रण आताच पातळ केलेले बरे, असा मी तर्क केला. आमच्या गाडीच्या कार्ब्युरेटरच्या तळाशी एक षट्कोनी नट असतो. तो वर फिरविला म्हणजे मिश्रण पातळ होते, खाली फिरविला म्हणजे दाट. मी तो वर फिरविला. पुतणीने विचारले, “काका, किती फिरवलात?” मी म्हणालो, “अंदाजाने.”

वाईतून निघाल्यावर पसरणी गाव लागते. शाहीर साबळे यांचे हे जन्मगाव. गाव संपताच चढ सुरू होतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर, पाचगणी सुमारे तेराशे. म्हणजे बारा-तेरा किलोमीटरांत सहाशे मीटरांची ही चढण. पहिली तीन वळणे गाडीने कशीबशी काढली. चौथ्यावर कार्ब्युरेटरातून फटाका फुटावा तसे ‘फट् फट्’ आवाज येऊ लागले. मी थांबून, मिश्रण अजून दाटच असावे असे समजून, नट आणखी वर फिरविला. पुढच्या वळणावर गाडीने एक दीर्घ उसासा टाकला, झाकणाच्या फटींतून वाफ आली, आणि ती बंद पडली.

आम्ही रस्त्याच्या कडेला आलो. चाकांना दगड लावले. काकूंना सावलीत सतरंजीवर बसविले. खाली कृष्णेचे खोरे उन्हात पसरले होते. वाईची कौले आणि देवळांचे कळस, उसाचे हिरवे चौकोन, आणि पश्चिमेकडे धोमच्या धरणाचे पाणी आरशासारखे. वर सह्याद्रीचे काळे कडे, एकावर एक ठेवलेल्या थरांसारखे. स्ट्रॉबेरीच्या पेट्यांनी भरलेले टेम्पो आमच्याकडे कुतूहलाने पाहत खाली जात होते. मी दादांना भ्रमणध्वनीवरून कळविले. ते रागावले नाहीत, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले. “मी येतो. काकूंना वर आणतो. गाडी टोचन लावून परत पाठवू,” इतकेच ते म्हणाले. काकूंनी ते ऐकले. “त्याला म्हणावे, अंधार पडेपर्यंत थांब,” त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून जपमाळ काढून स्वस्थ बसल्या.

एका जीपवाल्याने आमची अवस्था पाहून वाईतील एका मिस्त्रींना निरोप दिला. पाऊण तासाने ते मोटारसायकलीवरून आले. वय सत्तरीच्या आसपास, डोक्यास टोपी, खांद्यावर कातडी पिशवी. त्यांनी प्रथम काकूंना नमस्कार केला, मग गाडीस एक फेरी घातली, आणि कोणत्याही भागास हात न लावता मला विचारले, “साहेब, हिला शेवटचा हात कुणी लावला, आन् कुठं लावला?”

हा प्रश्न मला न्यायाधीशाच्या प्रश्नासारखा वाटला. मी कार्ब्युरेटरच्या नटाचे सांगितले. “किती फिरवला?” मी गप्प. तोच पुतणी म्हणाली, “वाईत दोन पैलू आणि मघा वळणावर तीन. दोन्ही वेळा वरच्या बाजूला. मी मोजले होते.” मिस्त्री तिच्याकडे पाहून प्रथमच हसले. “ताई, तुम्ही निम्मं काम केलंत,” म्हणाले, आणि पान्ह्याने तो नट पाच पैलू खाली आणून ठेवला. “आपण केलेली गडबड आधी पुसायची. मग मूळचा आजार दिसतो. दोन आजार एकदम झाले की वैद्यालाबी कळत नाही.”

मी त्यांना म्हणालो, “पण बिघाड काबुरेटरचाच असणार ना?” त्यावर त्यांनी जे सांगितले ते मी त्याच दिवशी टिपून ठेवले आहे. “साहेब, काबुरेटर समोर दिसतो, त्याला पेच असतात, म्हणून जो येतो तो त्यालाच पिळतो. दहा गाड्या काबुरेटरच्या नावानं येतात, त्यांतल्या सात-आठ जाळाच्या निघतात. आधी जाळ बघायचा, मग तेल.” सतरंजीवरून काकू म्हणाल्या, “खरे आहे हो. समईची वात काजळली असता वर तेल ओतून काय उपयोग? आधी वात सारावी.” हे वाक्य मी लहानपणापासून देवघरात ऐकत आलो होतो, पण गाडीच्या झाकणाखाली त्याचा उपयोग होईल हे मला तोवर सुचले नव्हते.

यानंतर त्यांनी जी परीक्षा केली तिच्यात एक क्रम होता, आणि तो क्रम हीच खरी विद्या असे मला वाटले. प्रथम त्यांनी किल्ली फिरवून एंजिन सुरू न करता कान दिला. आमच्या गाडीचा पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. किल्ली फिरविली की तो टिक्-टिक् करतो आणि कार्ब्युरेटरचे भांडे भरले की थांबतो. तो थोडा वेळ वाजून थांबला. म्हणजे टाकीत पेट्रोल आहे, नळी मोकळी आहे, आणि भांड्याची झडप नीट मिटते. मग कार्ब्युरेटरातील पिस्टन बोटाने वर उचलून सोडला. तो ‘टक्’ असा स्वच्छ आवाज करून खाली बसला, कोठे अडकला नाही. वरचे टोपण काढून आतील तेलाची पातळी पाहिली, कारण त्या तेलाविना पिस्टन एकदम उसळतो आणि पाय दाबताच गाडी अडखळते. तेल होते. “काबुरेटर निर्दोष,” ते म्हणाले.

मग प्लग काढले. प्लगच्या टोकाचा रंग म्हणजे एंजिनाची जीभ. भाजलेल्या बिस्किटाचा रंग असला तर प्रकृती उत्तम. काजळीसारखा काळा व कोरडा असला तर मिश्रण दाट. चुनखडीसारखा पांढरा असला तर मिश्रण पातळ किंवा एंजिन अति तापलेले. आमचे चारही प्लग पांढरे होते. म्हणजे मी ज्या रोगावर औषध दिले तो रोग मुळात नव्हताच, आणि माझ्या औषधाने भलताच रोग जडला. कार्ब्युरेटरातून येणारे ते फटाके मिश्रण फार पातळ झाल्याचे लक्षण होते. पातळ मिश्रण रेंगाळत जळते. पुढच्या खेपेची झडप उघडते तरी आत विस्तव शिल्लक असतो, आणि तो आल्या वाटेने उलट फिरतो.

आता राहिला जाळ. प्लगची तार एंजिनाच्या लोखंडाजवळ धरून त्यांनी मला कळ दाबावयास सांगितले. जी ठिणगी निळी व जाड दिसावी, ती पिवळट आणि बारीक होती. त्यांनी मान हलविली आणि डेल्कोचे टोपण काढले. डेल्को म्हणजे चारही प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणारा भाग. त्याच्या पोटात एक चौकोनी गाभा फिरतो. गाभ्याचा कोपरा आला की तो एका छोट्या पट्टीस ढकलतो आणि ‘पॉइंट’ नावाची दोन टोके विलग होतात. ती ज्या क्षणी विलग होतात त्याच क्षणी ठिणगी पडते. त्या टोकांतील अंतर इंचाच्या बारा ते सोळा हजारांशांच्या आसपास असावे लागते. नेमका आकडा ज्या त्या गाडीच्या पुस्तिकेत असतो. मिस्त्रींनी फिलर गेजची सर्वांत पातळ पट्टी घातली तरी ती आत जाईना. टोकांवर एकीकडे खड्डा आणि दुसरीकडे उंचवटा पडला होता.

“हे बघा,” ते म्हणाले, आणि पट्टीचा जो गुडघा गाभ्यावर घासतो तो त्यांनी नखाने दाखविला. तो पार झिजला होता. “इथं मोहरीएवढं ग्रीस लागतं. किती दिवसांत लावलं नाही?” दोन वर्षांत मी ते एकदाही लावले नव्हते. असे काही लावावयाचे असते हेच मला ठाऊक नव्हते.

येथे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण दोन वर्षांची लहानशी हयगय घाटात येऊन कशी फळते हे त्यावरून कळेल. गुडघा झिजला की टोकांतील अंतर घटते. अंतर घटले की गाभ्याचा कोपरा पुष्कळ पुढे सरकेपर्यंत टोके उघडत नाहीत. अर्थात ठिणगी उशिरा पडते. यासच टायमिंग मागे पडणे म्हणतात. आपल्या घरातील झोपाळ्याचे उदाहरण घ्या. झोपाळा मागे जाऊन परत फिरण्याच्या बेतात असता त्यास हात दिला तर थोड्या श्रमाने तो उंच जातो. तो निम्म्या वाटेवर आल्यावर ढकलला तर हात त्याच्यामागे धावतो आणि श्रम फुकट जातात. आणि तो मागे येत असतानाच ढकलला तर मनगटास हिसका बसतो. एंजिनातही हेच घडते. मिश्रण पेटून पूर्ण भडकावयास क्षणाचा लहानसा अंश लागतो, म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. फार आधी पडली तर चढावर खण-खण असा धातूचा ठोका ऐकू येतो आणि पिस्टनास इजा होते. उशिरा पडली तर जोर नाहीसा होतो. इतकेच नव्हे तर, ज्या उष्णतेने पिस्टन ढकलावयाचा ती धुराच्या वाटेने बाहेर पडताना आसपासचे लोखंड व पाणी तापविते. जोर कमी आणि ताप अधिक, हे जे खंबाटकीत दिसले त्याचे कारण हे होते.

मग सपाटीवर ही उणीव का दिसली नाही? हे मी विचारले. त्याचे उत्तरही सुंदर आहे. डेल्कोच्या अंगाला एक लहान डबी असते. गाडी हलक्या पायाने चालत असता एंजिनाच्या शोषणाने ती डबी ठिणगीस थोडे आधी ओढते, आणि मूळचा उशीर काही अंशी झाकला जातो. चढावर पाय पुरा दाबला की ते शोषण नाहीसे होते, डबी हात सोडते, आणि उशीर उघडा पडतो. संसारातही पुष्कळ उणिवा सपाटीवर झाकलेल्या असतात. चढ आला म्हणजेच त्या दिसतात.

मिस्त्रींनी टोके कानशीने घासून सपाट केली, फडक्याने पुसली, अंतर बसविले, आणि गाभ्यावर मोहरीएवढे ग्रीस लावले. अंतर आधी आणि टायमिंग मागाहून, हा क्रम कधी उलटवू नये, असे त्यांनी पुतणीस बजावून सांगितले. कारण अंतर बदलले की टायमिंग आपोआप बदलते. मग पिशवीतून दोन तारा जोडलेला एक लहान दिवा काढला. एक तार डेल्कोच्या बाजूच्या खिळीस, दुसरी एंजिनाच्या लोखंडास. गाडीच्या पुढून हँडल घालून पुतणीने एंजिन हळूहळू फिरविले. पुढच्या कप्पीवरील खूण झाकणावरील दात्याच्या समोर ठरल्या जागी आली तेव्हा त्यांनी तिला थांबविले, आणि डेल्कोतील फिरकीचे तोंड पहिल्या सिलिंडरच्या तारेकडे असल्याची खात्री करून घेतली. किल्ली चालू करून त्यांनी डेल्कोचे अंग चिमटीत धरून केसभर फिरविले. दिवा लागला. “ज्या क्षणी दिवा लागला, त्या क्षणी टोकं उघडली. तोच ठिणगीचा मुहूर्त,” असे म्हणून त्यांनी पेच आवळला, आणि हँडल दोन फेरे पुन्हा फिरवून दिवा त्याच जागी लागतो की नाही हे ताडून पाहिले.

तोवर एंजिन निवाले होते. पाणीही त्यांनी ते निवल्यावरच भरले. तापल्या एंजिनात गार पाणी ओतल्याने लोखंडास तडा जातो. कळ दाबताच पहिल्याच फेरीत गाडी सुरू झाली. मग कार्ब्युरेटरची शेवटची परीक्षा. हवेची चाळणी काढून त्यांनी पेचकसाच्या टोकाने पिस्टन अगदी सुतभर उचलला. एंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण दाट, लगेच पडू लागला तर पातळ, आणि क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. आमच्या एंजिनाने क्षणभर मान वर केली आणि पुन्हा आपल्या कामास लागले. नट तात्यांनी ठेवला होता तेथेच योग्य होता.

मला तरीही उंचीची शंका होतीच. घरी आल्यावर मी हिशेब मांडून पाहिला. पुण्यापेक्षा महाबळेश्वरची हवा शेकडा सात-आठांनी विरळ असते; तिच्यामुळे मिश्रण शेकडा चारच्या आसपास दाट होते. उलटपक्षी, तात्यांनी नट लावला तेव्हाचे पेट्रोल निर्भेळ होते. २०२२ पासून पंपावर मिळू लागलेल्या पेट्रोलात शेकडा दहा भाग इथेनॉल आले. इथेनॉलमध्ये प्राणवायू मुळातच असतो, म्हणून तेवढ्यानेच मिश्रण जवळजवळ शेकडा चार पातळ होते. घाटाने दाट करावे आणि इंधनाने पातळ करावे, असा जमाखर्च जुळून आला होता. माझे पुस्तकी ज्ञान खरे होते, पण अर्धे होते. आणि अर्ध्या ज्ञानाच्या हाती पान्हा असला म्हणजे काय होते ते वर सांगितलेच आहे. (२०२५ मध्ये हे प्रमाण शेकडा वीसवर गेले. जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी मिश्रण थोडे दाट करावे, आणि जुन्या रबरी नळ्यांवर नजर ठेवावी. इथेनॉल त्यांना मानवत नाही.)

मिस्त्रींनी आपली मजुरी सांगितली, ती मी दिली. काकूंनी डब्यातील दोन लाडू त्यांच्या हातावर ठेवले. ते निघता निघता म्हणाले, “आजी, गाडी म्हातारी नाही झाली. तिच्याकडं बघणारं माणूस गेलंय.” काकू काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

साडेचारला आम्ही घाट पुन्हा चढू लागलो. ज्या वळणावर गाडीने उसासा टाकला होता तेथून पुढे ती दुसऱ्या गिअरवर, आणि जेथे चढ सौम्य तेथे तिसऱ्यावरही, एकसारखा सूर धरून वर गेली. घाटमाथ्यावर दादा आपल्या गाडीशी उभे होते. त्यांनी आम्हांस येताना पाहिले, हातातील टोचनाची दोरी मागे टाकली, आणि मुकाट्याने आमच्या मागोमाग आले.

क्षेत्र महाबळेश्वरी पोहोचलो तेव्हा सूर्य कोयनेच्या खोऱ्याकडे कलला होता. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री व सावित्री या पाचांचे पाणी गोमुखातून एकाच धारेने पडते. काकूंनी त्या धारेखाली ओंजळ धरली आणि बराच वेळ तशीच ठेवली. सकाळी वाईत ज्या पाण्यात त्यांनी पाय बुडविले होते, तेच येथून निघून खाली जाते. आम्ही दिवसभर त्याच्या उलट दिशेने चढत होतो.

परत येताना पुतणीने गाडीच्या पुढील कप्प्यातून एक कापडी बांधणीची वही काढली. ती तात्यांच्या जमाखर्चाची असेल असे समजून मी दोन वर्षांत तिला हात लावला नव्हता. तिच्यात १९६२ पासूनच्या नोंदी होत्या. दर तीन महिन्यांनी एक ओळ: तारीख, किलोमीटर, पॉइंटचे अंतर, प्लगचा रंग, आणि अखेरीस ठरलेले शब्द, ‘कॅमला वंगण, मोहरीएवढे.’ नटाबद्दल एके ठिकाणी लिहिले होते, ‘बसविला आहे. कारणावाचून हात लावू नये.’ शेवटची नोंद २०२० च्या फेब्रुवारीतील होती.

गाडी विकावयाची की ठेवावयाची, हा विषय पुण्यास आल्यावर पुन्हा निघाला. मी म्हणालो की घाटातील सारा दोष माझा होता, गाडीचा नव्हता. आणि दोन वर्षे मी तिची निगा राखीत नव्हतो, केवळ ती चालू होते की नाही एवढेच पाहत होतो. दादांनी वही चाळली. बराच वेळ ते एका पानावर थांबले. त्यावर त्यांच्या जन्माच्या रात्री काकूंना ह्याच गाडीतून इस्पितळात नेल्याची नोंद असावी, कारण तेथे त्यांनी बोट ठेवून काकूंकडे पाहिले. काकू म्हणाल्या, “ठेवायची तर वहीसकट ठेवा. वही लिहिली जाणार नसेल तर देऊन टाका.” दादांनी त्या गृहस्थांस नकाराचे पत्र पाठविले.

हल्लीच्या मोटारींत कार्ब्युरेटर नसतो आणि डेल्कोही नसतो; ते काम आतील संगणक करतो, आणि दादांच्या गाडीने त्या दिवशी घाट चढताना घामाचा थेंबही टाकला नाही हे मला मान्य आहे. ज्यांच्या अंगणात जुनी गाडी आहे त्यांनी मात्र चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या. आधी आपण काय बदलले ते आठवावे व पूर्ववत करावे. आधी जाळ पाहावा, मग तेल. आधी अंतर, मग टायमिंग. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून तिचा परिणाम पाहिल्याखेरीज दुसरीस हात लावू नये. माणसांच्या घरातही जो पुढे दिसतो, ज्याला पेच असतात, त्यालाच सर्वजण पिळतात. झिजलेला गुडघा टोपणाखाली असतो.

वहीतील नवी नोंद पुतणीने लिहिली आहे. अक्षर तिचे, शब्द तात्यांचे: ‘कॅमला वंगण, मोहरीएवढे.’